चौकटीखालचे ठिपके

एकदा एक वृद्ध कलापंडित स्वतःच्याच सत्काराच्या दिवशी, पाहुणे यायला तासभर उरला असताना, हातात पेचकस घेऊन चित्रांखालच्या पितळी पट्ट्या काढू लागला.

हा काही साधासुधा गृहस्थ नव्हे. संस्थानच्या जुन्या राजवाड्यातील चित्रदालनाचा तो तीस वर्षे संचालक होता. तरुणपणी त्याने राजवाड्याच्या अडगळीतून सही नसलेली नऊ व्यक्तिचित्रे शोधून काढली. ती दरबारी चित्रकाराच्या उत्तरायुष्यातली आहेत असे ठरवून त्यावर ग्रंथ लिहिला. विद्वानांनी तो वाचला आणि मान डोलावली. विद्वानांची मान एकदा डोलू लागली की लवकर थांबत नाही. त्या नऊ चित्रांसाठी एका गिरणीमालक व्यापाऱ्याने नवे दालन बांधून दिले होते, आज त्याचे उद्घाटन. पंडिताच्या शिष्येने त्याच उत्तरायुष्यावर पाच वर्षे खपून प्रबंध लिहिला होता. तोही आजच प्रकाशित व्हायचा होता.

पंडिताने एक पट्टी काढून खिशात टाकली आणि तिच्या जागी हाताने लिहिलेले कार्ड लावले. कार्डावर नाव होते : द्वारका चितारी.

"सर, हे काय करताय?" शिष्या धावत आली. मागोमाग व्यापारीही आला. कार्ड वाचून त्याने विचारले, "ही द्वारका कोण?"

"दरबारी चित्रकाराकडे रंग वाटायला होती."

"रंग वाटणारीनं चित्रं काढली? छान. उद्या म्हणाल, आमच्या स्वयंपाकीणबाईंनी गिरणी काढली."

"काढलीही असेल. तुम्ही विचारलंत का त्यांना कधी?"

व्यापाऱ्याने शिष्येकडे पाहिले. "गुरुजी, दारावर दरबारी चित्रकाराचं नाव दगडात कोरून झालंय. तुमचं वय झालंय. जरा बसा, पाणी प्या." असे म्हणून तो पाहुण्यांना थोपवायला खाली गेला.

म्हातारा माणूस खरे बोलू लागला की त्याचे वय झाले, असे म्हणायची रीतच आहे. सगळ्यांच्याच सोयीची रीत.

शिष्येने त्याच्या हातातला पेचकस काढून घेतला. "सर, माझी पाच वर्षं आहेत यात. मला तरी सांगा."

पंडित बाकावर बसला.

"चाळीस वर्षांपूर्वी एक म्हातारी इथं आली होती. या चित्रासमोर उभी राहून म्हणाली, 'साहेब, ही मी काढली. धन्यांना दिसेनासं झालं होतं, आणि दरबाराला ते कळू द्यायचं नव्हतं. खोटं वाटत असेल तर चौकट काढून बघा. खालच्या कडेला मी करंगळीनं रंग लावून बघायची. चौकट बसली की झाकून जायचं ते.' मी म्हणालो, 'आजी, चौकट मूळची आहे. आम्ही ती उघडत नसतो.' नियम खराच होता, पोरी. पण त्या वेळी माझा ग्रंथ छापखान्यात होता. मी तिला चहा द्यायला सांगितलं. शिपायानं वहीत तिचं नाव-गाव लिहून घेतलं. तिनं चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि गेली."

"मग?"

"जुन्या चौकटींना वाळवी लागलेली. गेल्या महिन्यात त्या काढाव्या लागल्या. खालच्या कडेला करंगळीचे ठिपके होते, ओळीनं. नऊच्या नऊ चित्रांना. मी ती वही शोधली, तिच्या गावी गेलो. भाची भेटली. म्हणाली, 'मावशीला जाऊन तीस-बत्तीस वर्षं झाली. तुमचं फार कौतुक करायची हो. साहेबांनी खुर्चीवर बसवून चहा पाजला म्हणायची. साहेब बघतील आणि पत्र टाकतील, म्हणून शेवटपर्यंत पोस्टमनला अडवून विचारायची.'"



"तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, सर," शिष्या म्हणाली. "चूक कोणाच्याही हातून होते."

"माझी कड घेऊ नकोस. चार खिळे काढायचे होते. ती खोटं बोलते आहे अशी माझी खात्री असती, तर मी ते हसत काढले असते आणि तिला दाखवलं असतं, बघा आजी, काही नाही. मी काढले नाहीत, कारण मी घाबरलो. खात्री असलेला माणूस घाबरत नाही. म्हणजे मनातून मला त्याच दिवशी कळलं होतं. ज्ञान कमी पडलं असतं तर क्षमा होती. ज्ञान माझ्यासमोर बसून चहा पीत होतं, आणि मी घड्याळाकडे बघत होतो."

खाली सनई सुरू झाली. शिष्येने ओढणीने डोळे पुसले.

"आणि मी प्रबंध प्रकाशित केला तर?"

"कर. मी अडवणार नाही. नाव होईल, उद्या माझ्या खुर्चीवरही बसशील. पण मग दारात कोणी म्हातारी दिसली की तू मागच्या दारानं निघून जाशील. मी चाळीस वर्षं जात होतो."

शिष्या उठून चित्रापाशी गेली. चित्रातली स्त्री पदर सावरताना मध्येच थांबलेली होती. शिष्येने ती जणू पहिल्यांदाच पाहिली. मग पिशवीतून वही काढून ती पंडिताच्या शेजारी येऊन बसली.

"सर, मी पहिल्यापासून लिहिते. द्वारकाबाई दिसायला कशा होत्या?"

या नऊ चित्रांतल्या कोणत्या चेहऱ्याच्या पापणीखाली कोणत्या हिरव्याची छटा आहे, हे पंडित डोळे मिटून सांगत असे. आताही त्याने डोळे मिटले. मग उघडले.

"आठवत नाही," तो म्हणाला. "मी तिच्याकडे पाहिलंच नाही."

शिष्येने ते वाक्य जसेच्या तसे पहिल्या ओळीवर उतरवले. पंडित वाकून ते वाचत राहिला.

"खाली माझं नाव घाल," तो म्हणाला.