गजराज आणि साळुंकी

वाफेचा जमाना सरला, त्यानंतरची ही गोष्ट. एका संग्रहालयाच्या शेडमध्ये गजराज नावाचं भलंमोठं इंजिन उभं होतं. एकेकाळी मेलगाड्या ओढणाऱ्या गजराजाशेजारी आता लोक फोटो काढून घेत. पलीकडच्या फाट्यावरचं साळुंकी नावाचं चिमुकलं इंजिन मात्र दर रविवारी दोन डबे घेऊन, पूल ओलांडून टेकडीपलीकडे जाऊन येई. साळुंकी निघाली की गजराजाचा जीव कासावीस होई.

एकदा म्हातारे फिटर यमाजीबाबा त्याच्यापाशी आले. "गजराजा, लोकांनी वर्गणी दिलीय. तुझा बॉयलर नवा करता येईल."

"म्हणजे मी धावणार?"

"धावशील की! पण तुझं पोट मोठं, बाबा. तुझ्या एका फेरीच्या कोळशात साळुंकी महिनाभर धावते. तुला चालवायचं तर तिला कायमचं उभं करावं लागेल."

गजराज उन्हात चकाकणाऱ्या रुळांकडे कितीतरी वेळ पाहत राहिला.

"तिलाच धावू द्या," शेवटी तो म्हणाला. "फक्त परत आली की माझ्याजवळ उभी करत जा."

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी साळुंकी त्याला खेटून थांबते. तिच्या तापल्या अंगाची ऊब त्याच्या थंड लोखंडाला लागते, आणि गजराज हळूच विचारतो, "सांग गं, आज पुलावर वारा कसा होता?"