क्लॅरिनेटवाल्याला श्वासाचा धडा

“...पण चाचणीच रोज वेगळं उत्तर द्यायला लागली तर, सर?”

“कुठली चाचणी?”

“व्यवसायाचा कल मोजणारी. माणसानं कुठल्या क्षेत्रात जावं ते सांगणारी. मी स्वतःवरच करून पाहिली.”

विचारणारी शाल्मली. मानसशास्त्राच्या पदवीत विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवलेली, आणि ते दोन वाक्यांत समोरच्याला कळेल अशी सोय करणारी. समोर कडुनिंबाच्या पारावर मांडी घालून बसलेले ओगले सर, तिचे जुने प्राध्यापक. निवृत्त झाल्यावर कोल्हापूर सोडून ते या खेड्यात येऊन राहिले होते. दुपारी पारावर बसायचे. ज्याला बोलायचं असेल तो यायचा. गाव त्यांना मास्तर म्हणायचं.

“काय उत्तर आलं?”

“आधी क्लिनिकल, म्हणजे रुग्णांवर उपचार, असं आलं. मग कंपनीतला मनुष्यबळ विभाग. मग संशोधन. काल तर चक्क शाळेतली समुपदेशक!”

“असं कसं?”

“कुठला प्रश्न काय मोजतो ते मला पाठ आहे ना, सर. हवं ते उत्तर मी काढू शकते. मला काय हवंय, तेवढंच निघत नाही.”

ओगले सर हसू लागले. चष्मा काढून डोळे पुसावे लागले, इतके हसले.

“तुम्हीच शिकवलंत,” ती फणकारली.

“शिकवलं खरं...”

“हसू नका, सर. चार वाजता पुण्याच्या कंपनीचा फोन येणार आहे. त्यांना हो की नाही ते सांगायचं. क्लिनिकलच्या एम.ए.ची जागाही आजच स्वीकारायची, नाहीतर ती दुसऱ्या कुणाला जाईल. आई म्हणते नोकरी घे. बाबा म्हणतात पुढे शीक. मी तुमच्याकडे आलेय. तुम्ही सांगाल ते करीन.”

“क्लिनिकल कशासाठी?”

“खरं मानसशास्त्र तेच ना. बाकी सगळं...” तिने हात झटकला.

“आणि कंपनी?”

“डोक्याला ताप नाही.”

“हं...” सर म्हणाले, आणि गप्प बसले.

ही गप्प बसण्याची त्यांची खोड जुनी होती. शाल्मलीला ती वर्गातही सोसायची नाही.

तेवढ्यात पाराकडे एक माणूस आला. डोक्याला फेटा, काखेत क्लॅरिनेटची पेटी. रंगराव अवघडे, गावातल्या बँडचा प्रमुख. पंचक्रोशीतलं एकही लग्न त्याच्या क्लॅरिनेटशिवाय लागत नसे.

“मास्तर, रिकामं हाईसा का?”

“या रंगराव. आज या बाईंना सांगा. मी ऐकतो.”

रंगरावने शाल्मलीकडे पाहिलं. पोरगी वयाने लहान, पण मास्तरांनी सांगितलंय म्हटल्यावर तो खाली बसला.

“आईतवारी माज्या पोरीचं लगीन हाय, ताई. प्राजूचं. समद्या गावाच्या पोरी म्या वाजवून सासरी धाडल्या. आता घरचीच निगाली, अन् क्लॅरिनेट तोंडाला लावलं की दम सुटतोय. सूर फाटतोय.”

शाल्मली सरसावून बसली. हे तिला येत होतं.

“याला प्रसंगाआधीची चिंता म्हणतात. घाबरण्यासारखं काही नाही. आपण श्वासाचा एक व्यायाम करू.”

ओगले सरांनी घाईघाईने आभाळाकडे पाहिलं.

“नाकातून श्वास घ्या. पोट फुगू द्या. छान. आता धरा.”

रंगरावने धरला. शाल्मली मनातल्या मनात आकडे मोजत होती. पुस्तकातले आकडे संपले. रंगराव शांत बसला होता. त्याच्याबरोबर तिनेही श्वास धरला होता, तो केव्हाच सुटला.

“सोडा... सावकाश.”

रंगराव सोडू लागला. सोडतच राहिला. पारावरचं एक कुत्रं उठलं, आळस देऊन पलीकडच्या सावलीत जाऊन झोपलं, तरी त्याचा श्वास संपेना.

“तुम्ही...” शाल्मलीच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. “तुम्ही हे रोजच करता.”

“वाजवायचं म्हंजी लागतंच की, ताई. पर तुमी येवढ्या मायेनं सांगितलं, म्हनून पुन्यांदा केलं.”

शाल्मलीचे कान लाल झाले. ती आणखी काही सांगण्यासाठी तोंड उघडणार, तोच सरांनी शेजारच्या डब्यातून गुळाचा भलामोठा खडा काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

“तोंडात टाक.”

“आत्ता?”

“आत्ताच. चावायचा नाही. विरघळू दे.”

तिने टाकला. गाल टम्म फुगला. बोलणं शक्यच नव्हतं.

रंगराव तिच्याकडे बघत राहिला. ती रंगरावकडे.

वारा आला. कडुनिंबाची पानं पेटीवर पडली. रंगरावने ती एकेक करून उचलली.

“ती ल्हान हुती,” तो हळूच म्हणाला, “तवा माज्या फुडं नाचायची. म्या वाजवायचो अन् ती नाचायची. मला म्हनायची, आबा, तुमी बी या. म्या म्हनायचो, मी आलो तर वाजवील कोन?”

शाल्मलीच्या तोंडात गूळ होता. तिने नुसती मान हलवली.

“हुंदका अन् सूर एका तोंडातनं निघत न्हाईत, ताई...”

रंगराव थांबला. गूळ विरघळला. शाल्मलीचं तोंड मोकळं झालं. पुस्तकातलं काहीच तिला आठवत नव्हतं, आणि त्याची तिला भीतीही वाटत नव्हती.

“रंगरावकाका, लग्नात तुम्हाला वाजवायचंय का?”

रंगराव दचकला.

“हे कुनी इचारलंच न्हाई.”

“मी विचारतेय. तुम्हाला काय करायचंय?”

त्याने फेटा काढला, पुन्हा घातला. नव्या नवरदेवासारखा लाजला.

“नाचायचंय.”

“मग नाचा!”

“येत न्हाई! उभा जलम नाचनाऱ्यांकडं तोंड करून मागं मागं चालत वाजवलं. ह्या पायांस्नी निस्तं उलटं चालाय येतंय.”

शाल्मली पारावरून उडी मारून खाली उतरली. ओढणी कमरेला खोचली.

“उठा. सर, ताल धरा.”

सरांनी गुळाचा डबा उपडा करून मांडीवर घेतला. गूळ धोतरावर सांडला, त्याची त्यांनी पर्वा केली नाही.

पहिल्या ठेक्याला रंगराव मागे गेला. दुसऱ्याला आणखी मागे गेला आणि कडुनिंबाला जाऊन आपटला. शाल्मलीने त्याचे दोन्ही हात धरून त्याला पुढे ओढलं. पिशवीत फोन वाजला. तिने पिशवीत हात घालून तो न बघताच बंद केला आणि ओरडली, “काका, हात वर!” रंगरावचे हात वर गेले. पाय पुढे पडले. मग जे पडायला लागले ते थांबेनात. तो नाचत होता आणि त्याच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि आता त्याने काहीच बिघडत नव्हतं.

धापा टाकत तो खाली बसला.

“भाचा वाजवील माजा. थोडा कच्चा हाय, पर वाजवील. मास्तर, लग्नाला या. ताई, तुमीबी यायचं.”

पेटी काखेत मारून तो गेला. चालता चालता मध्येच त्याने एक ठेका घेतला.

शाल्मली त्याच्याकडे बघत हसत होती. मग एकदम तिने कपाळाला हात लावला.

“सर! फोन! तो कंपनीचा होता!”

“असेल.”

“मी न बघता बंद केला...”

“हो. मी पाहिलं.”

बराच वेळ ती पारावर बसून राहिली. या वेळी सरांचं गप्प राहणं तिला टोचलं नाही.

“मी क्लिनिकलला जाते, सर,” ती म्हणाली. “खरं मानसशास्त्र तेच, म्हणून नव्हे. समोर माणूस बसलेला असतो ना, ते मला फार आवडतं.”

“सोपं नाही. एम.ए. झालं की इस्पितळातलं प्रशिक्षण. मग सरकारदरबारी नोंदणी. तोवर मैत्रिणी कमावत्या होतील, तू शिकतच असशील.”

“असू दे.”

“आधी कंपनीला फोन कर. नीट नाही म्हण. कुणाला ताटकळत ठेवू नये.”

तिने फोन केला. मग जागा स्वीकारली. आईलाही कळवलं, आणि आईचं ऐकूनही घेतलं. सगळं होईपर्यंत उन्हं कलली. सर सांडलेला गूळ गोळा करत होते.

निघताना तिने वाकून नमस्कार केला. चेहरा फुलला होता, पण जुनी हुशार विद्यार्थिनी पुरती गेली नव्हती.

“सर, वर्ग सुरू व्हायला अजून वेळ आहे. तोवर तयारी काय करू? कुठलं पुस्तक वाचू?”

ओगले सरांनी गुळाचा एक खडा उचलला, फुंकर मारली आणि स्वतःच्या तोंडात टाकला. तो विरघळेपर्यंत ती थांबली.

“रविवारी लग्नाला जा,” सर म्हणाले. “आणि पोटभर जेव.”