गढीच्या दारात केरबा

केरबा लहान असताना जत्रेत हलगी कडकडली आणि त्याच्या छातीत काहीतरी उडालं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच होतं, मोठं झाल्यावर गढीच्या लढाईत उतरायचं. बोरवडी गावात भोळी माणसं पुष्कळ होती. पण सांगितलेलं तंतोतंत ऐकणारा केरबा एकटाच.

गढीची लढाई म्हणजे जुन्या काळच्या वेढ्याचा खेळ. निम्मं गाव गढीत, निम्मं गाव शत्रू. चाळीस वर्षं हा खेळ शिदू वस्ताद बसवत आले होते. पण यंदा जत्रा कमिटीचे अध्यक्ष बापूसाहेब म्हणाले, "बघतो. रंगला तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा." तेव्हापासून वस्तादांना भाकरी गोड लागत नव्हती.

केरबा तालुक्याला सहा महिने कराटे शिकून आला होता. सरावाच्या पहिल्या दिवशी तो शत्रूसमोर गेला आणि कमरेत वाकला. तिथे तसंच शिकवलं होतं. शत्रू गोंधळला आणि तोही वाकला. मागचेही वाकले. बघता बघता सगळी फौज वाकली.

"अरं, लढाई हाय का लग्नाचा मांडव?" वस्ताद ओरडले. "हे जपानी हितं नको. त्या काळात जे नव्हतं ते मैदानात चालायचं नाही. समजलं?"

"समजलं, वस्ताद."

दुसऱ्या दिवशी केरबा चष्मा घरी ठेवून आला. येता येता त्याने लाउडस्पीकरची वायरही उपटली. सरपंचांचं भाषण मध्येच बंद पडलं. त्याबद्दल त्याला कुणी रागावलं नाही. दोघांनी तर पाठ थोपटली. पण चष्म्यावाचून त्याने पहिली काठी हाणली ती आपल्याच सरदाराला.

"अरं, मारायच्या आधी माणूस ओळख की!"

"ओळखतो, वस्ताद."

तिसऱ्या दिवशी त्याने समोरच्याला थांबवलं.

"कोण तू?"

"शत्रू."

"नाव?"

"रंगराव."

"कुणाचा?"

"गाढवा, तुझ्या आत्याचा!"

केरबाने काठी खाली ठेवली. "आत्याचा गुडघा कसा हाय रं?" गुडघ्यावरून गोष्ट जावयावर गेली, जावयावरून म्हशीवर. दोन्हीकडच्या फौजा तंबाखू मळायला बसल्या.

वस्तादांनी कपाळाला हात लावला. मग तोच हात केरबाच्या खांद्यावर ठेवून ते हळू म्हणाले, "लेकरा, एवढी एक लढाई नीट होऊ दे. लढाईत आत्या नसती, मामा नसतो. तू गढीच्या दारात उभा राहा. जो आत येईल त्याला आडवा कर. काही विचारू नको. आणि डाव आपलाच टाक."

"आपलाच टाकतो."

जत्रेच्या दिवशी मैदान भरलं. लढाई अशी रंगली की म्हातारी माणसं चपला सोडून उभी राहिली. दारातून एक शत्रू आत गेला नाही. केरबाने अकरा जण आडवे केले, सगळे देशी डावाने. बापूसाहेब खुर्चीतून उठले. माइकवर म्हणाले, "पुढच्या वर्षीही लढाईच!" गढीत उभ्या वस्तादांचे डोळे भरले.

"वस्तादांना मी स्वतः फेटा बांधणार," बापूसाहेब म्हणाले. एका हातात फेटा, एका हातात माइक घेऊन ते गढीकडे निघाले. दारातून आत आले.

केरबाने धोबीपछाड टाकला.

बापूसाहेब उताणे पडले. केरबा त्यांच्या छातीवर बसला. बापूसाहेबांनी दोनदा जमिनीवर हात आपटला. कराटेच्या वर्गात असा हात आपटला की सोडायचं असतं. पण ते जपानी. केरबा आणखी घट्ट बसला.

माइक चालूच होता. सगळ्या मैदानाला ऐकू आलं, "ऑर्केस्ट्रा... ऑर्केस्ट्रा..."

"साहेब," केरबा समजावून म्हणाला, "त्या काळात ऑर्केस्ट्रा नव्हता."

चौघांनी केरबाला उचलून बाजूला केलं. तो वस्तादांकडे बघून हसला. "वस्ताद, डाव आपलाच टाकला बघा."

वस्तादांनी त्याच्या पाठीवरची धूळ झटकली, काठी उचलली आणि ते घराकडे चालू लागले.