गेनूचं बुकिंग

एका गावात एक भोळा गेनू होता. भोळा म्हणजे किती, तर आईनं 'दुधावर लक्ष ठेव' म्हटलं की दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत टक लावून बघत बसायचा. मनानं मात्र लाख माणूस. वय लग्नाचं झालेलं आणि जीव मामाच्या हौसावर जडलेला. हौसाचीही ना नव्हती. आडवा आला तो हैबतीमामाच.

तालुक्याच्या स्टँडवर मामाचं चहाचं दुकान होतं. साहेबलोक चहाला यायचे, जाताना चार इंग्रजी शब्द सांडून जायचे, आणि मामा ते वेचून ठेवायचा. त्यानं हट्टच धरला. जावयाला इंग्रजी आलं पाहिजे. फार नको, एक शब्द पुरे, पण तो जागच्या जागी वापरता आला पाहिजे. दिवाळीपर्यंत वाट बघीन, नाहीतर पोरगी दुसरीकडं देईन.

गेनूची आई साळूबाई त्याला घेऊन शाळेतल्या गुरव मास्तरांकडं गेली. मास्तरांनी पुष्कळ विचार करून एक नाम निवडलं. बुकिंग. म्हणाले, रोजच्या वापरातलं आहे, पोराला झेपेल. एस.टी.च्या खिडकीतून आत टॉवेल टाकतोस ना, तेच बुकिंग. आपली वस्तू ठेवली की जागा आपली. गेनूला एकदम पटलं.

दुसऱ्याच दिवशी पाटलांकडं बारशाचं जेवण होतं. पत्रावळी मांडलेल्या. गेनूनं त्यातल्या एका पत्रावळीवर टॉवेल अंथरला आणि हात धुवायला गेला. वाढपी घाईत. त्यानं वाढायचं काम करावं की खाली काय आहे ते बघत बसावं? भात, वरण, वर तूप, सगळं टॉवेलावर वाढून तो पुढं गेला. गेनू आला, बसला, जेवला. शेवटी टॉवेल पिळून उरलेलं वरणही प्यायला. आता अशा पोराला काय म्हणावं?

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं, की दर ठिकाणी टॉवेल चालत नाही. काही ठिकाणी बुकिंग तोंडी करायचं असतं. गर्दी व्हायच्या आत जायचं, आपलं नाव सांगायचं आणि कुठली जागा हवी ते सांगायचं. गेनूनं पाठ केलं.

त्याच आठवड्यात वरच्या आळीचे बाजीअण्णा आजारी पडले. खाटेवर निपचित पडलेले, भोवती लेकी-सुना डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. गेनू उशाशी बसला, प्रेमानं विचारपूस केली आणि म्हणाला, "अण्णा, ऐन वेळी फार गर्दी होते. पुढचा उजवा खांदा मला. गेनू म्हणून सांगून ठेवा."

मग अण्णा उठले. ज्यांना कुशीवर वळता येत नव्हतं, त्यांनी काठी घेऊन गेनूला वेशीपर्यंत पळवला. तेव्हापासून अण्णांची तब्येत ठणठणीत आहे. पण गेनूला कुणी शाबास म्हटलं नाही, लोकच कृतघ्न.

मास्तर चिडले. म्हणाले, गाढवा, ज्याचं त्यालाच कधी विचारू नये. घरातल्या वडीलधाऱ्याला विचारावं, हात जोडून. गेनूनं तेही पाठ केलं.

दिवाळी तोंडावर आली. गेनू मामाच्या दुकानी जाऊन उभा राहिला. मामानं गिऱ्हाइकांच्या देखत विचारलं, बोल, काय शिकलास? गेनूनं हात जोडले. "मामा, तुम्ही घरातले वडीलधारे. गर्दी व्हायच्या आत आलोय. हौसाचं बुकिंग करायचंय. माझं नाव गेनू."

चहा पिणारे साहेबलोक वा वा म्हणाले. मामाला भरून आलं. हौसा दाराआड तोंडाला पदर लावून हसत होती. सुपारी फुटली, वैशाखातली तारीख धरली. गोष्ट इथंच संपली असती तर गुरव मास्तरांचं पंचक्रोशीत नाव झालं असतं.

पण बस्ता बांधायला मंडळी एस.टी.नं निघाली. गेनूनं टॉवेल टाकून जागा धरली. शेजारी एक म्हातारी बोचकं घेऊन उभी. लोक म्हणाले, ऊठ रे. हा म्हणाला, बुकिंग आहे. तालुका येईपर्यंत म्हातारी हेलकावे खात होती आणि हा खिडकीतून हवा खात होता. मास्तर त्याच गाडीत होते. खाली उतरल्यावर त्यांनी त्याचा कान धरला.

"बुकिंग म्हणजे जागेचा सातबारा नव्हे. म्हातारं माणूस उभं दिसलं, त्याचे हाल दिसले, की मुकाट बाजूला व्हायचं. आपली जागा त्याला द्यायची आणि म्हणायचं, माझं बुकिंग रद्द. एवढं कळलं की तुला सगळं कळलं."

गेनूला म्हातारीचं खरोखर वाईट वाटलं. डोळे पुसत त्यानं शपथ घेतली, की पुन्हा असं होणार नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त भर दुपारचा. गेनू आणि हौसा समोरासमोर पाटांवर उभे, हातात हार, मध्ये अंतरपाट. भटजींची मंगलाष्टकं झाली. मग मामीच्या बहिणीनं स्वतः रचलेली सुरू केली. त्यांत दोन्हीकडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांची नावं होती, आणि कुणी राहिलं की ती मागं जाऊन घेत होती. सगळा मांडव आपलं नाव कधी येतंय तिकडं कान लावून होता.

मांडवाचं कापड नेमकं गेनूच्या बाजूला फाटलेलं. तिथं ऊन थेट जमिनीवर. आणि त्या उन्हात मामाचे म्हातारे शेजारी दगडूतात्या उभे होते. अक्षतांना चपला काढलेल्या, जमीन तापलेली. तात्या हा पाय उचलत होते, तो टेकत होते.

गेनूला मास्तरांचं बोलणं आठवलं. तो पाटावरून उतरला आणि तात्यांना हाताला धरून वर चढवलं. हातात हार होता, तो त्यांच्या हातात दिला. मुंडावळ्याही काढून त्यांच्या कपाळाला बांधल्या, तेवढीच डोळ्यांवर सावली. तात्यांचे तळवे निवले. त्यांनी सुखानं डोळे मिटले. गेनू उन्हात जाऊन उभा राहिला आणि मूठ भरभरून अक्षता टाकू लागला.

शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट सरला. हौसा लाजून खाली बघत होती, तशीच तिनं हार घातला. तात्यांनी डोळे उघडले. हातात हार होता, समोर पोरगी होती. त्यांनीही घातला. वाजंत्री सुरू झाली. मग हौसानं वर पाहिलं. मग तात्यांच्या बायकोनं पाहिलं.

मामा गर्दी तुडवत आला. गेनू टाळ्या वाजवत होता. मामानं त्याचं मनगट धरलं. गेनूनं हात जोडून सांगितलं, की म्हातारं माणूस उभं होतं, म्हणून बुकिंग रद्द केलं.

"अरे, आणि माझ्या पोरीचं काय?"

गेनूनं मामाच्या पाठीवर हात ठेवला.

"काळजी करू नका, मामा. रद्द केलंय ते माझं एकट्याचं. हौसाचं पक्कं आहे."