चुटकीसरशी वाळणारा सरस

“सरस आत्ताच्या आत्ता वाळला पाहिजे! मी चुटकी वाजवली की सांधा पक्का! नाहीतर तूही जा कोठडीत, नवऱ्याच्या शेजारी!” राजा रणकेतू कडाडला.

समोर ठकू सुतारीण उभी होती. हातात सरसाचं गरम भांडं.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी उंदीर मारायला महाराजांनी हाताला लागलं ते उचललं, आणि ती निघाली राणीसाहेबांची वीणा! उंदीर पळाला, वीणेची दांडी मात्र भोपळ्यापासून निखळली. राणीसाहेब एवढंच म्हणाल्या, “उद्या दिवेलागणीला वीणा वाजली नाही, तर मी माहेरी!”

दोन सुतार आले. दोघांनी सांधा जोडला नि विनवलं, “महाराज, दिवसभर हात लावू नका.” पण दम धरील तो रणकेतू कसला! सरस लावून होतो न होतो तोच चुटकी वाजवायचा आणि दांडी ओढायचा. सांधा सुटायचा, सुतार कोठडीत जायचा. त्यातला दुसरा सुतार म्हणजे भिवा, ठकूचा नवरा.

ठकूला सगळं ठाऊक होतं. कागदाची खळ घटकाभरात वाळते, डिंकाला अर्धा दिवस पुरतो. पण लाकूड धरायचं तर सरसच हवा, आणि तो चैत्राच्या उन्हातही दिवस कलल्याशिवाय धरत नाही. त्याला राजा काय नि रंक काय!

“बाई, पाय धर आणि सूट,” प्रधानजी कुजबुजले.

ठकूने पायांऐवजी राजाच्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि मधलं बोट चुटकीसाठी टपलेलेच होते. तिचा चेहरा एकदम उजळला.

“वाळेल, महाराज! चुटकी वाजेल तेव्हा सांधा पक्का नसला, तर मी आपल्या पायांनी कोठडीत जाते. फक्त दोन्ही हातांनी दाबून धरायला मनगटाचा गडी हवा. आमच्या ह्यांची पकड ढिली पडली, तिथंच फसलं. सेनापतींना बोलावता का?”

“सेनापती? मी असताना?” राजाने बाह्या सरसावल्या. “लाव सरस!”

ठकूने सरस लावला, दांडी बसवली. राजाने दोन्ही पंजांनी सांधा आवळला.

घटका गेली. “सोडू?”

“सोडा की! ओला आहे अजून. सुटला तर लोक म्हणतील, महाराजांची पकड ढिली. म्हणेनात का!”

“म्हणून तर बघू देत!” पकड आणखी घट्ट झाली.

ऊन डोक्यावर आलं. प्रधानजींनी महाराजांना जेवण भरवलं. निम्मं श्रीखंड मिशांनीच खाल्लं. त्यावर माशी आली. “हाकला तिला!” प्रधानजींनी पंखा हाणला, तो नेमका महाराजांच्या नाकावर! पायांना मुंग्या आल्या, पाठ आखडली. ठकू वरवर शांत होती, पण महाराजांचं बोट जरा हललं की तिचा जीव वरखाली व्हायचा.

दिवस कलला. ठकूने सांध्यावर नखाने टकटक केलं. कोरडा, खणखणीत आवाज!

“आता सोडा, महाराज.”

राजाने दांडी ओढली. ढिम्म हलेना! तो हरखला, आणि मग एकदम भडकला.

“अगं, पण मी चुटकीसरशी म्हणालो होतो! अख्खा दिवस घालवलास! टाका हिला कोठडीत!”

ठकूने हात जोडले. “जाते की! पण महाराज, आपण चुटकी वाजवलीत कधी?”

राजाने आपल्या हातांकडे पाहिलं. “नाही वाजवली,” तो हळूच म्हणाला.

“मग वाजवा ना!”

राजाने हात उचलला, पण चुटकी वाजेना! अंगठा सरसाने बोटालाच चिकटलेला! धावपळ करून गरम पाणी आणलं, बोटं भिजवली, सोडवली.

टक्!

“वाजली चुटकी, आणि सांधा पक्का!” ठकू म्हणाली. “सरस हुकमाच्या थोडा आधीच वाळला म्हणायचा. तेवढा उतावळेपणा त्याला माफ करा, महाराज!”

राजाने डोळे वटारले. मग त्याच्या मिशा थरथरल्या, आणि तो असा खदखदून हसला की मिशीतलं वाळलेलं श्रीखंड झडलं! त्याने मनगटातलं सोन्याचं कडं काढून ठकूच्या हातात घातलं, आणि दोन्ही सुतारांना सोडायला स्वतः कोठडीकडे निघाला.