तिळवणची राणी आणि वाढती भिंत

एक होतं राज्य, तिळाएवढं. नावच त्याचं तिळवण. एका टोकाला कुणी शिंकलं की दुसऱ्या टोकाचे लोक विचारायचे, काढा पाठवू का? राज्याची राणी साळूबाई. तिला सगळ्यांची नावं पाठ.

तिळवणात एक रीत होती, बरं का. भांडण हातघाईवर आलं तरी आधी विचारायचं, "कोणाचा रे तू?" समोरच्यानं आपल्या आईचं नाव सांगायचं. आणि आईचं नाव कळलं की मग त्याच्यावर हात उचलायचा नाही. तिथे तर सगळ्यांना सगळ्यांच्या आया ठाऊक. मग मारामारी होणार कशी?

एकदा काय झालं, चाचे आले. तेव्हा शेजारच्या गजपूरच्या महाराजांनी जहाजं पाठवून त्यांना पळवून लावलं. गजपूर म्हणजे केवढं मोठं! तीन वर्षांनी महाराजांचा निरोप आला. समुद्रापलीकडे आमची लढाई आहे, तुम्हीही या. आता नाही कसं म्हणायचं? राणीनं एकवीस जण निवडले. त्यांच्या आया किनाऱ्यावर आल्या. एकही रडली नाही, नुसत्या बघत राहिल्या. राणीच म्हणाली, "मी स्वतः जाते. एकवीस नेते, एकवीस आणते."

मग गजपूरचं जहाज त्यांना घेऊन निघालं.

पलीकडे वाळूच वाळू, आणि वाळूत एक गाव. गावाभोवती भिंत. ही भिंत साधी नव्हती. तिला एक बाण लागला की ती हातभर उंच व्हायची. गजपूरची दहा हजार माणसं रोज बाण मारत होती आणि भिंत चालली होती ढगांत.

त्या दहा हजारांत राणीला कुणी ओळखत नव्हतं. तिला म्हणायचे 'तिळवणवाली'. मसलतीला तिची जागा दाराशी, जिथे सगळे जोडे काढत तिथे. ती जोडे बघत बसायची. तिळवणात असती तर कुणाचा कोणता जोडा तेही तिनं सांगितलं असतं. इथे तिला साधं 'जेवलीस का' म्हणायलाही कुणी नव्हतं. आपल्या माणसांपाशी जावं तर त्यांच्यासमोर तोंड हसरं ठेवायला लागायचं.

ती महाराजांकडे गेली आणि तिनं विचारलं, ही लढाई कशासाठी? महाराज म्हणाले, आमच्या मानासाठी. दुसऱ्यांदा गेली तर महाराज जेवत होते, त्यांना ऐकूच आलं नाही. तिसऱ्यांदा गेली. महाराज प्रधानांकडे वळून म्हणाले, "कशासाठी हो?" प्रधान म्हणाले, बघून सांगतो.

मग तिळवणची पाळी आली. उद्या तुम्ही पुढे, असा हुकूम आला. एकवीस आया तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

सकाळी तिची माणसं भिंतीखाली उभी राहिली. धनुष्य उचलायच्या आधी त्यांनी सवयीनं भिंतीवरच्या माणसांना हाक मारली, "कोणाचा रे तू?" लढाईत असं विचारायचं नसतं हे त्यांना कुठं माहीत! भाषा वेगळी, पण एवढं कुणालाही कळतं. वरून कुणीतरी म्हणालं, "रुमाईचा."

आणि भिंत हातभर खाली आली.

मग काय! दुसरा म्हणाला, तारणीचा. तिसरा म्हणाला, पोरक्याला आई कुठली, पण मावशी आहे, जोनाबाई. मावशी चालते का? चालते, म्हटलं तिळवणच्या माणसांनी. भिंत खाली, आणखी खाली. गजपूरचे शिपाईसुद्धा धनुष्यं टाकून आपापल्या आयांची नावं सांगायला लागले. सांगता सांगता भिंत गुडघ्याएवढी झाली. पलीकडे एक म्हातारी मासळी वाळत घालत होती. तिनं राणीकडे पाहिलं.

"आणि तू गं? तू कोणाची?"

इतक्या महिन्यांत राणीला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती भिंतीपाशी जाऊन म्हातारीकडे वाकली. मग म्हणाली, "गोदाईची."

भिंत वाळूत मिळाली.

महाराज गरजले, आता घुसा! एकाचाही हात उचलला गेला नाही. महाराज राणीला म्हणाले, "यापुढे आमची जहाजं तुमच्यासाठी येणार नाहीत." राणीला भीती वाटली, खूप वाटली. तरी ती म्हणाली, "बरं महाराज."

रुसून महाराज आपली जहाजं घेऊन निघून गेले. मग त्या गावानं आपल्या होड्या काढल्या आणि राणीला आणि एकविसांना तिळवणला पोचवलं. आयांनी आपापली पोरं घरी नेली. त्या दिवशी राणी तीन घरी जेवली.

आता चाचे आले तर? म्हणून तिळवणचे लोक पाळीपाळीनं किनाऱ्यावर पहारा देतात. राणीही देते. तिची पाळी असते तेव्हा ती एकटीच असते, समोर नुसतं पाणी. पण मागे सगळं गाव निवांत घोरत असतं, आणि ते ऐकत ती सुखानं बसून राहते.

तसे तुम्हीही आता डोळे मिटा. मी आहे जागी.