राजगिऱ्याचे लाडू आणि तीन वाक्यं

निळेगावचे डोंगर सकाळी निळे असतात, दुपारी तपकिरी होतात आणि संध्याकाळी कुणी मूठभर कुंकू उधळल्यासारखे लालेलाल. त्या डोंगरांच्या पायथ्याशी, कौलांच्या एका चिमुकल्या घरात शेवंती नावाची नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर राहायची. बाबा नव्हते. घरात एक चूल होती, एक काळीभोर कढई होती आणि कोपऱ्यात राजगिऱ्याचं पोतं होतं. तेही अर्ध्याहून रिकामं.

आई राजगिऱ्याचे लाडू करून विकायची. कढईत टाकला की राजगिरा तडतड फुलायचा, जणू इवल्या इवल्या चांदण्याच उड्या मारताहेत! मग गुळाचा सोनेरी पाक रटरटायचा. पण हा लाडू मोठा हट्टी. पाक निवला की वळतच नाही. म्हणून आई हात पाण्यात बुडवून, चटके सोसत, गरमागरम लाडू भराभर वळायची. तिचे तळवे लाल झाले होते. आता तर त्यांवर फोड आले होते.

"आई, दुखतं का गं?"

"लाडूवालीचे हात असेच असतात बाळा," आई म्हणायची आणि पदर हातांवर ओढून घ्यायची.

देवीची तीन दिवसांची जत्रा जवळ आली तेव्हा आईने शेवंतीला जवळ बसवलं. "हा शेवटचा राजगिरा आहे बघ. जत्रेत नव्या पोत्याचे पैसे सुटले तर बरं. नाहीतर जत्रा उठली की मी शहराकडच्या गाडीत बसते. तिथे भांडी घासायचं काम मिळतं. तू आत्याकडे राहा."

शेवंतीने आईचा पदर धरला. "पण आई, आपले लाडू तर रोज संपतात! एकसुद्धा उरत नाही. मग पैसे जातात कुठे?"

"कुणास ठाऊक," आई म्हणाली. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

शेवंती देवळामागच्या बागेत जाऊन बसली. संध्याकाळ होत होती. गुलबक्षीची फुलं नुकती उमलत होती. काही गुलाबी, काही पिवळी, काही अर्धी गुलाबी अर्धी पांढरी, रंगांचा गोंधळ उडाल्यासारखी. आईने दिलेला लाडू तिने पानावर ठेवला आणि ती विचार करू लागली. विचार गोल गोल फिरून पुन्हा तिथेच येत होता. सगळं विकलं जातं, तरी काहीच का उरत नाही?

"वाचवा! अगं, वाचवा ना कुणीतरी!"

आवाज लाडवातून येत होता! शेवंती वाकली. लाडवाला अंगठ्याएवढी एक परी चिकटली होती. तिचा झगा गुलबक्षीसारखा, टिकल्या दवासारख्या, आणि पारदर्शक पंख गुळात अडकलेले.

शेवंतीला फार भूक लागली होती. पण तिने विहिरीचं पाणी ओंजळीत आणलं, लाडवावर थेंब थेंब सोडलं आणि बोटाच्या टोकाने पंख मोकळे केले. लाडवाचा चिखल झाला.

"हळू! पंख आहे तो, पापड नाही!" परी ओरडली. मग पंख झटकून तिने लाडवाकडे बघितलं आणि ती ओशाळली. "तुझं जेवण होतं का ते?"

"असू दे, परीताई. घरी भाकरी असेल." भाकरी नव्हती.

परीला ते कळलं. पऱ्यांना कळतं. "मी तुला तीन इच्छा देते," ती म्हणाली आणि तिने झग्यातून एक घडी घातलेली पाकळी काढली. "पण नियम आहेत. इच्छा मागायच्या आधी तुझं दुकान कशासाठी आहे, ते एका वाक्यात सांगायचं. ती इच्छा मी त्या वाक्याबरहुकूम पुरी करणार. वाक्यात नसेल त्याची जबाबदारी माझी नाही. आणि तिसरी इच्छा पुरी झाली की मी जाणार."

"दुकान कशासाठी म्हणजे? लाडू विकायला!"

"ते तू काय करतेस ते झालं. कशासाठी करतेस?"

शेवंती गोंधळली. असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग तिला लाडू खाणारी पोरं आठवली. "आमचं दुकान सगळ्यांना गोड खाऊ घालण्यासाठी आहे!" ती आनंदाने म्हणाली. "आणि माझी इच्छा, उद्या खूप खूप गर्दी होऊ दे."

"तथास्तु!" परीने टाळी वाजवली.

दुसरा दिवस म्हणजे जत्रेचा पहिला दिवस, आणि काय गर्दी झाली म्हणता! पोरं, म्हातारे, नवी लुगडी, पिवळे फेटे, पिपाण्या, फुगे, सगळी जत्रा शेवंतीच्या पाटीपाशी लोटली. लाडू खाऊन सगळ्यांचे डोळे चमकत होते. पण लोकांनी दिलेलं प्रत्येक नाणं शेवंतीच्या हातात पडताच गुलाबी पाकळी होत होतं आणि भुर्रकन उडून जात होतं. दुपारीच पाटी रिकामी, आणि पैशांचा डबाही.

शेजारी बांगड्यांचं दुकान लावलेली सरूमावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. "अगं बये, हे दुकान आहे की अन्नछत्र? आज काय पाकळ्यांची आमटी करणार?"

"मावशी, पण सगळे किती खूश झाले!"

"झाले ना. आणि उद्या? उद्या कुठला लाडू देशील त्यांना? नफा लागतो बाई नफा! लावलेल्यापेक्षा जास्त आलं की जे उरतं ना, तो नफा. तो नाही तर दुकान नाही."

शेवंती धावतच बागेत गेली. "परीताई, तुम्ही पैसे का उडवलेत?"

"तू म्हणालीस खाऊ घालायचं. विकायचं कुठे म्हणालीस?" परीने पाकळी उलटसुलट करून पाहिली. "मलाही जरा विचित्र वाटलं. पण वाक्य म्हणजे वाक्य."

"मग हे घ्या दुसरं!" शेवंतीला रडू येत होतं आणि रागही. "आमचं दुकान नफ्यासाठी आहे. आणि इच्छा, उद्या खूप नफा होऊ दे!"

परी जरा थांबली. "आमच्याकडे नफा नसतो. फुलं उमलतात, संपलं. बघू या कसा दिसतो तो. तथास्तु!"

दुसऱ्या दिवशी पहाटे आई लाडू वळू लागली आणि काय नवल! वळता वळता लाडू आवळ्याएवढे होऊ लागले. राजगिरा तेवढाच, लाडू मात्र चौपट! आई चकित झाली. लाडू चौपट म्हणजे वळणंही चौपट. पाक निवत नव्हता, कढई संपत नव्हती, आणि आईचे हात थांबत नव्हते.

जत्रेत लाडू भराभर खपले. डबा खणखण भरला. पण आज कुणाचे डोळे चमकले नाहीत. "काल केवढे होते, आज एवढेच?" लोक पुटपुटले. एक पोरगी मुठीत घामेजलेलं नाणं घेऊन आली, आवळ्याएवढा लाडू घेतला, आणि तिने तो धाकट्या भावाला दिला. स्वतःसाठी काहीच उरलं नाही. शेवंतीला तिला एक लाडू द्यायचा होता. पण हात पुढे होईना! पाटीला चिकटल्यासारखा तो तिथेच राहिला.

संध्याकाळी ती जड डबा सावरत घरी आली. "आई, नफा झाला!"

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने तळवे मांडीवर उताणे ठेवले होते. फोड फुटले होते. तांब्यातल्या पाण्यात ओला केलेला फडका लाल झाला होता.

"झाला का गं?" आई हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "मग उद्याही करू असेच. तेवढी मला चमच्याने पेज भरव. धरता येत नाहीये."

शेवंतीने डबा खाली ठेवला. नफा म्हणजे उरतं ते. मग हे उरलेलं होतं की आईच्या हातांतून काढलेलं? तिने आईला सगळं सांगितलं, परीचं, पाकळीचं, वाक्यांचं.

"आई, लाडवाचे पाच रुपये कसे ठरवलेस तू?"

"राजगिऱ्याचे किती, गुळाचे किती, ते धरून. वर थोडेसे."

"आणि लाकडं?"

"ती रानातली. फुकट."

"आणणार कोण? आणि हात?"

"हातांचे कोण धरतं बाळा? हात तर आपलेच!"

शेवंती ताडकन उठली. सूर्य डोंगराला टेकायला आला होता. ती धावली, ठेचकाळली, पुन्हा धावली.

परी गुलबक्षीच्या फुलात पाय सोडून बसली होती, तिचाही चेहरा पडलेला. "नफा असा असतो? मला नाही आवडला."

"मलाही नाही. पण तो नसला तर आई शहरात जाणार. आणि असा असला तर आईचे हात जाणार. खाऊ घालणं चूक नव्हतं, परीताई! आणि उरवणंही चूक नव्हतं. मग चुकलं काय?"

"मला विचारू नकोस. माझ्या पाकळीत लिहिलेलं नाही."

शेवंतीने डोळे मिटले. शब्द सापडत होते, निसटत होते, पुन्हा सापडत होते. मग तिने दीर्घ श्वास घेतला.

"आमचं दुकान लोकांना पोटभर आनंद होईल असा लाडू देण्यासाठी आहे, आणि तो उद्याही, परवाही देता यावा म्हणून राजगिरा, गूळ, लाकडं आणि आईचे हात, सगळ्याचं मोल धरून वर थोडं उरवण्यासाठी आहे!"

"बाप रे! हे एक वाक्य आहे?"

"एकाच श्वासात म्हटलं ना!"

परी खुदकन हसली. "बरं. आणि इच्छा? सोन्याचा डबा? राजगिऱ्याची शंभर पोती?"

शेवंतीला क्षणभर शंभर पोती दिसली. मग तिला आईच्या मांडीवरचे उताणे हात दिसले. "आईचे हात बरे होऊ देत. बाकीचं आम्ही करू."

"ते वाक्यात बसतं," परी हळूच म्हणाली. "पण ऐक. हात मी एकदाच बरे करीन. पुन्हा भाजले तर मी नसेन."

त्या संध्याकाळी आईच्या तळव्यांवरून गुलाबी वारा गेला आणि ते नव्या पानासारखे कोवळे झाले.

जत्रेच्या तिसऱ्या दिवशी आईने एका वेळी दहाच लाडवांचा पाक केला. दहा वळायचे, हात गार पाण्यात, मग पुढचे दहा. पाटी निम्मीच भरली. पण लाडू गरगरीत, सोनेरी, पूर्वीएवढेच. शेवंतीने पाटीपाशी उभं राहून भाव सांगितला. "आठ रुपये."

"आठ?" सरूमावशी किंचाळली. "कालच्या पोरीला आज शिंगं फुटली! पाचाचा लाडू आठाला? कोण घेईल?"

घेणारे खरंच थबकले. दोघं तर निघूनही गेले. शेवंतीने पाटी सावरली. पण ती म्हणाली, "मावशी, पाच रुपयांत राजगिरा आहे, गूळ आहे. आईचे हात त्यात नव्हते. हा लाडू गरम पाकात वळतात. तुम्ही एक वळून बघा."

सरूमावशी काहीतरी खोचक बोलणार होती. पण तिची नजर स्वतःच्या बोटांकडे गेली. बांगड्या भरता भरता काचेने कापलेली बोटं. जुने ओरखडे, नवे ओरखडे. मग तिने कनवटीचे आठ रुपये काढले आणि मोठ्याने म्हणाली, "दे बाई एक. आणि उद्यापासून माझ्याही बांगड्यांचा भाव मी पुन्हा ठरवणार, सांगून ठेवते!"

लोक हसले. एकाने घेतला, मग दुसऱ्याने. काहींनी नाही घेतला. तरी दिवस कलेपर्यंत पाटीत चारच लाडू राहिले. शेवंती आणि आईने नाणी वेगवेगळी मांडली. ही राजगिऱ्याची, ही गुळाची, ही लाकडांची, ही आईच्या हातांची. आणि सगळं बाजूला काढल्यावरही एक छोटीशी, लुकलुकती रास उरली.

तेवढ्यात कालची पोरगी भावाला घेऊन पाटीसमोरून गेली. तिने लाडवांकडे बघितलं आणि पटकन मान फिरवली. शेवंतीचा हात आज अडला नाही. तिने दोन लाडू दोघांच्या हातांवर ठेवले.

"पैसे नाहीत," पोरगी म्हणाली.

"आज आहेत," शेवंती म्हणाली आणि उरलेल्या राशीतून सोळा रुपये उचलून तिने राजगिऱ्याच्या, गुळाच्या, लाकडांच्या आणि हातांच्या राशींत वाटून टाकले. रास लहान झाली. पण संपली नाही.

शहराकडची गाडी देवळापाशी येऊन थांबली. घंटा वाजली. माणसं बोचकी घेऊन चढली. गाडीवाल्याने हाक दिली, "लाडूवाल्या बाई, येताय ना?"

आईने कालचे आणि आजचे मिळून जमलेल्या नव्या पोत्याच्या पैशांची पुरचुंडी पदराला घट्ट बांधली. "नाही हो दादा," ती म्हणाली. "उद्या राजगिरा आणायचाय."

गाडी धुरळा उडवत निघून गेली. शेवंतीने आईचा कोवळा हात दोन्ही हातांनी धरला.

पाटीच्या काठावर परी येऊन बसली होती. तिच्या पंखांच्या कडा आताच उजळू लागल्या होत्या, आधी गुलाबी, मग केशरी, मग पांढऱ्याशुभ्र.

"तुझं वाक्य आता कुठे पुरं झालं, आणि तिसरी इच्छाही. माझी वेळ झाली," ती म्हणाली. "पण जायच्या आधी मला सांग ना शेवंती, परीलोकात सगळे विचारतील. नफा चांगला असतो की वाईट?"

शेवंतीने खूप विचार केला. पहिल्या दिवशी नव्हता, तेव्हा वाईट झालं. दुसऱ्या दिवशी होता, तेव्हाही वाईटच झालं. आज होता आणि त्यातले दोन लाडू दोन पोरं समोर बसून खात होती, गुळाने माखलेली, हसणारी.

"मला अजून नीट नाही कळलं, परीताई," ती म्हणाली. "पण आई घरी राहिली."

परीने एवढंच पाकळीवर लिहून घेतलं. मग लक्ख प्रकाश झाला, हजार काजवे एकदम उडावेत तसा, आणि पाटीच्या काठावर कुणीच नव्हतं.